अम्मीच्या मांडीचं माप

स्नायूचा तंतू एकदा पुरता तयार झाला की त्याला स्वतःचे दोन करता येत नाहीत. कातडीच्या पेशी झिजतात, नव्या होतात. तंतूला ती सोय नाही. तो सुतासारखा लांबच लांब असतो, एकेका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, आणि त्यातलं एकही पुन्हा विभागत नाही. मग तालमीतला पोरगा दंड कमावतो तो कसा? फाटलेला स्नायू भरून येतो तो कुठून?

उत्तराचा धागा १९६१ साली हाती लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहत होते. तंतूचा पापुद्रा आणि त्यावरचं बाहेरचं आवरण यांच्या फटीत त्यांना लहान, चपट्या पेशी दिसल्या. त्यांनी त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं. मी शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी, त्यामुळे मला त्या कापड आणि अस्तर यांच्यामध्ये दडलेल्या टाक्यांसारख्या वाटतात. एरवी त्या झोपलेल्या असतात. तंतूला इजा झाली किंवा त्याच्यावर जोराचा भार पडला की जाग्या होतात, विभागतात. काही तंतूत मिसळून आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात, काही आपसात जुळून नवा तंतू उभा करतात. आणि थोड्या परत आपल्या जागी जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते अम्मीमुळे. ती अडुसष्ट वर्षांची. अंगणात पडली, मांडीच्या हाडात रॉड बसवावा लागला, दोन महिने अंथरुणात. उठली तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा स्पष्ट बारीक दिसत होती. तिने सरळ इंचीटेप मागितली. डावी साडेपंधरा, उजवी चौदा. मापाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांच्या मधेच, तिने स्वतःचं नाव घालून तारीख टाकली.

पाहुणे येऊ लागले आणि सगळ्यांचा एकच प्रेमाचा सल्ला: आता आराम करा, या वयात कुठली ताकद भरून येणार? खाला दर शुक्रवारी पायाचा डबा आणायची. पाया खाल्ला की पायात जोर येतो, हे आमच्याकडे वादातीत. चव वादातीत आहेच. पण त्या रश्श्यातलं प्रोटीन बहुतेक जिलेटिन, स्नायू बांधायला ते फार उणं पडतं. मी खालाला तसं सांगितलं नाही. अम्मीच्या ताटात रोज दोन अंडी वाढवली.

वय झालं की सॅटेलाइट पेशी कमी होतात हे खरंच आहे, विशेषतः झटक्यात जोर लावणाऱ्या तंतूंभोवतीच्या. तोल गेला की सावरणारे तंतू तेच. पण त्या पेशी संपत नाहीत. नेदरलँड्समध्ये बहात्तरच्या आसपासच्या पुरुषांकडून बारा आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला, तेव्हा नेमक्या त्याच तंतूंभोवती त्या पेशी वाढलेल्या आढळल्या. आणि १९९० साली अमेरिकेत नव्वदीतल्या मोजक्या वृद्धांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीचा घेरही भरला. नव्वदीत!

अर्थात सगळं श्रेय या पेशींना देऊनही चालत नाही. २०११ साली उंदरांमधल्या या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या, तरी भार टाकल्यावर दोन आठवड्यांत त्यांचे स्नायू जाड झालेच. म्हणजे तंतू असलेल्या केंद्रकांवर काही काळ निभावून नेतो. मात्र इजा झालेला स्नायू त्या पेशींशिवाय भरून आला नाही. वाढीत त्यांचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद चालू आहे, आणि तो मला आवडतो.

घोट्याला एक किलो मिठाची पिशवी बांधून पाय उचलायचा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, असा फिजिओथेरपिस्ट मुलीने दिलेला व्यायाम. पहिले तीन आठवडे टेप हलली नाही. अम्मी चिडली. "उठायला तर येतंय मला, मग माप का वाढत नाही?" मी म्हटलं, सुरुवातीची ताकद नसांची असते गं, मेंदू आधी आहे त्याच तंतूंना नीट कामाला लावतो, मांस मागून येतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहते.

आठव्या आठवड्यात वहीत साडेचौदा लिहिलंय. पायाच्या मशीनवर बसायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. ईदचे कपडे शिवायला आलेल्या दोघींना तिने नाही म्हटलेलं नाही, फक्त कापड ठेवून जा म्हणाली.