चार नटांचा धडा

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें असा आग्रह झाला, तेव्हां एखाद्या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र सांगावें असें प्रथम मनांत आलें. परंतु थोरांचीं चरित्रें सांगणें सोपें. स्वतःची फजिती सांगणें कठीण. आम्ही शिक्षक वर्षभर तुमच्या चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढीत असतों. एखादे वेळीं आपल्याही चुकीखालीं तशीच रेघ ओढून दाखविणें न्यायाचें होईल, असें वाटल्यावरून पुढील हकीकत लिहीत आहें.

गोष्ट 2017 सालच्या मे महिन्यांतील. पांचगणीस थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहून आम्ही परत निघावयाचे होतों. बरोबर माझी वृद्ध आई, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा व धाकटी मुलगी. निघण्याच्या दिवशीं सकाळीं पाहतों तों मोटारीचें मागलें डावें चाक बसलेलें! मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. तरफ, जोर, घर्षण हीं प्रकरणें पंधरा वर्षें शिकवीत आलेला. चाक बदलावयास मिस्त्री कशाला हवा? मीं जॅक लावला, पंक्चर झालेलें चाक काढलें, स्टेपनी चढविली, चारही नट पान्यानें हलके हलके बसविले आणि जॅक उतरविला. चाक जमिनीस टेकल्यावर नट पुन्हां पक्के आवळावयाचे असतात, हें मला ठाऊक होतें. इतक्यांत आंतून मेहुण्यांची हांक आली, "चहा निवतोय, या लवकर!" मीं पाना डिकींत टाकला व हात धुवावयास निघालों.

मुलगा शेजारींच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, नट अजून पुरते आवळायचे राहिलेत ना?"

"मला शिकवूं नकोस," मी म्हणालों. एवढ्यावरच न थांबतां, मोठ्यांच्या कामांत मध्यें मध्यें बोलूं नये असा उपदेशही त्याला ऐकविला. तो गप्प झाला. चहाबरोबर गप्पा रंगल्या, सामान चढलें, निरोप झाले; नट मात्र जेथें होते तेथेंच राहिले.

पांचगणीहून वाईस उतरणारा पसरणीचा घाट तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल दरी आणि दूरवर धोम धरणाचें पाणी. कांहीं वळणें मागें पडलीं आणि गाडीच्या पाठीमागून 'टक् टक्' असा आवाज येऊं लागला. वेग वाढला कीं आवाज जलद होई, वेग कमी झाला कीं मंद. टायरच्या खांचेंत खडा अडकला असेल, असें मीं ठरवून टाकलें. आरशांत मुलाचा चेहरा दिसत होता. तो माझ्याकडे एकटक पाहत होता, पण बोलत नव्हता. बोलावयास मीच त्याला बंदी केली होती. शेवटीं आई म्हणाली, "अरे, गाडी अशी डुलतेय काय? थांबव बघूं आधीं."

रस्ता जरा रुंद होता तेथें गाडी थांबवून मी उतरलों. चारांपैकीं दोन नट कोठें पडले होते देव जाणे. तिसरा शेवटच्या आट्यावर लोंबत होता आणि चौथा बोटानें फिरत होता. खालीं दरी होती, आणि मोटारींत माझें सगळें घर बसलें होतें.

एका वाटसरू तरुणानें आपल्या मोटारसायकलीवरून खालीं निरोप पोंचविला, तेव्हां तासाभरानें वाईकडील एक वृद्ध मिस्त्री हत्यारें घेऊन आले. त्यांनीं मला एक शब्दही विचारला नाहीं. दुसऱ्या दोन चाकांचा एक एक नट काढून त्यांनीं या चाकास लावला, आणि गाडी पायीं चालल्यासारखी हळू हळू आपल्या दुकानापर्यंत आणविली. तेथें त्यांनीं घांसलेले स्टड बदलले. चाकाचीं भोंकें झिजून मोठीं झालीं होतीं, म्हणून तें चाकही बाद केलें. मग भिंतीवर टांगलेला एक लांब दांड्याचा पाना घेऊन ते नट आवळूं लागले. प्रत्येक नटाशीं पान्यांतून 'टक्' असा एकच आवाज येई, आणि त्यासरशी त्यांचा हात थांबे. सकाळपासून मी एक आवाज ऐकत आलों होतों. हा त्याहून अगदींच निराळा होता.

"गुरुजी, शाळेंत काय शिकवतां?" त्यांनीं विचारलें.

"भौतिकशास्त्र," मी खालीं पाहून म्हणालों.

ते हंसले नाहींत. पाना माझ्या हातीं देऊन म्हणाले, "मग शेवटचा नट तुम्ही आवळा. आवाज आला कीं थांबायचं. पुन्हा जोर करायचा नाहीं."

गोष्ट येथेंच संपती तर माझी अर्धी लाज तरी वांचली असती. परंतु भ्यालेला मनुष्य एका टोकावरून निघतो तो थेट दुसऱ्या टोकास जाऊन पोंचतो. घरीं आल्यावर मीं सर्व चाकांच्या नटांना तेल घातलें, पान्याच्या दांड्यांत लोखंडी नळी सरकवून तो चांगला लांब केला, आणि त्यावर अंगाचा भार टाकून नट असे आवळले कीं ते जन्मांत सुटूं नयेत. त्याच वर्षीं पावसाळ्यांत एके रात्रीं पत्नी तापानें फणफणलेल्या मुलीला घेऊन डॉक्टरांकडे निघाली असतां वाटेंत चाक पंक्चर झालें. जॅक होता, स्टेपनी होती, चाक बदलण्याची माहितीही तिला होती. पण नट जागचे हालेनात. भर पावसांत तासभर खोळंबा झाला. शेवटीं एका मालमोटारीच्या चालकानें जोर लावला, तेव्हां एक स्टड मुळापासून तुटला. मुलगी पुढें बरी झाली. परंतु त्या एका तासाचा हिशेब मी अजून फेडीत आहें.

आतां वर्गांतल्याप्रमाणें कारणांकडे वळूं. नट खिळ्यासारखा चाकाला अडवून धरतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः चाकाला धरून ठेवतें तें मुख्यतः घर्षण. नट आवळला कीं स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, अगदीं थोडासा ताणला जातो. पोलादालाही लवचिकपणा असतो. ताणलेला स्टड आखडूं पाहतो आणि त्या जोरानें चाक हबवर गच्च दाबलें जातें. हा दाब कमी पडला तर रस्त्याच्या धक्क्यांनीं चाक हबवर बारीक बारीक सरकूं लागतें, आणि त्या आडव्या सरकण्यानें नट आपोआप उलटा फिरतो. गेर्हार्ड युंकर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें 1969 सालीं हें प्रयोगानें दाखवून दिलें. घाटांत माझ्या गाडीचें झालें तें हेंच. उलट ताण मर्यादेबाहेर गेला तर स्टड कायमचा लांबतो, त्याचे आटे बिघडतात व एखादे दिवशीं तो तुटतो. नट कमीजास्त आवळले गेले तर ब्रेकची तबकडीही किंचित् वांकडी बसते व ब्रेक दाबतांना पाय थरथरतो.

हा ताण डोळ्यांस दिसत नाहीं व सहज मोजतांही येत नाहीं. म्हणून त्याऐवजीं आपण पीळ मोजतों. यालाच टॉर्क म्हणतात. जोर गुणिले अंतर, हें सूत्र तुम्हांस पाठ आहेच. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास 40 किलोग्रॅम वजनाइतका जोर काटकोनांत दिला, तर 10 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारें 98 न्यूटन-मीटर पीळ होतो. लहान मोटारींच्या चाकांच्या नटांस बहुधा 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात. नेमका आंकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत छापलेला असतो. मीं नळी घालून पाना अर्धा मीटर लांब केला होता. जोर तेवढाच धरला तरी पीळ 196 न्यूटन-मीटर झाला, म्हणजे हवा होता त्याच्या जवळ जवळ दुप्पट! त्यांत तेलाची भर. दिलेल्या पिळाचा सुमारें नऊ-दशांश भाग घर्षणांतच खर्ची पडतो आणि उरलेला दशांश स्टड ताणण्यास उपयोगी येतो. त्यामुळें तेलानें घर्षण थोडें जरी घटलें, तरी स्टडवरील ताण पुष्कळ वाढतो. पुस्तिकेंतील आंकडा सामान्यतः स्वच्छ व कोरड्या आट्यांसाठीं असतो, ही गोष्ट मी पदवीधर असूनही विसरलों.

मिस्त्रींच्या हातांतील पाना हा टॉर्क मोजणारा पाना होय. आंतील स्प्रिंग ठरविलेल्या आंकड्यास लावून ठेवतात. तितका पीळ झाला कीं तो 'टक्' करून इशारा देतो. अशा पान्याचा जनक म्हणून कॉनराड बार यांचें नांव घेतलें जातें. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यांत काम करतांना 1918 च्या सुमारास, नळांच्या जोडावरील बोल्ट कामगारांकडून अति आवळले जाऊं नयेत, म्हणून त्यांनीं ही युक्ति काढली. पुढें 1937 सालीं त्यांस तिचें पेटंट मिळालें. म्हणजे हा पाना जन्मला तो हाताला बळ देण्यासाठीं नव्हे, तर हाताला आवर घालण्यासाठीं.

चाक बदलतांना पाळावयाचे नियम थोडेच आहेत. चाक व हब जेथें एकमेकांस टेकतात तेथील माती व गंज पुसून काढावा. नट प्रथम हातानें फिरवावे, म्हणजे आटे चुकत नाहींत. मग ते ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावे. पांच नट असल्यास एकाआड एक, चांदणी काढल्याप्रमाणें. जॅक उतरविल्यावर पुस्तिकेंतील आंकड्याइतके पक्के करावे, आणि शंभरएक किलोमीटर धांवल्यावर पुन्हां एकदां तपासावे. काम झालें कीं पान्याची स्प्रिंग सैल करून ठेवावी, आणि घट्ट नट सोडविण्यास तो पाना कधींही वापरूं नये. इंजिनाचें तेल काढण्याचा बूच असो, स्पार्क प्लग असो, कीं सिलिंडरचें झांकण असो, प्रत्येकाचा आंकडा निराळा आहे. चाकाच्या नटाइतका जोर तेलाच्या बुचावर केला, तर आटे हातांत येतील.

पालकांस व विद्यार्थ्यांस येथें निराळें तात्पर्य सांगण्याची गरज नाहीं. तरी एक गोष्ट राहिली. घाटांतून परतल्यावर त्या रात्रीं मी मुलाच्या अंथरुणापाशीं जाऊन बसलों व म्हणालों, "सकाळीं तूं बरोबर होतास, आणि मी चुकलों." तो म्हणाला, "मला आवाज आला होता, बाबा. पण तुम्ही रागावाल म्हणून बोललों नाहीं." मोडलेल्या स्टडांची किंमत मिस्त्रींना देऊन झाली होती, परंतु या एका वाक्याची किंमत मला अजून करतां आलेली नाहीं. वर्गांत व घरांत मुलांना आपण किती आवळतों, आणि त्यापायीं कोणता इशारा आपल्या कानीं येण्याचा राहतो, याचा विचार मी त्या दिवसापासून करूं लागलों.

आतां घरांत टॉर्क मोजणारा पाना आहे. चाक बदललें कीं शेवटचा नट आवळून मी तो मुलाच्या हातीं देतों आणि म्हणतों, "तूं एकदां पाहून घे." तो चारही नट तपासतो. चौथा 'टक्' ऐकल्याखेरीज आमच्याकडे कोणी चहाला उठत नाहीं.