उरलेल्या हाताचं काम

मोटारसायकलवाल्याला विचारा, डावा हात काय करतो? क्लच. उजवा? रेस आणि पुढचा ब्रेक. दोन्ही हात मिळून आणखी एक काम करतात, ते मात्र कुणी सांगत नाही. ते धरून ठेवतात. गाडीला आणि गाडीवर स्वतःला. या कामाला लिव्हर नाही, वायर नाही, म्हणून ते कामात मोजलंच जात नाही. एक हात गेला की पहिल्यांदा तेच अडतं.

हात जातो म्हणजे दर वेळी तुटतोच असं नाही. गाडीवरून खांद्यावर पडलं, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, की मानेतून हाताकडे उतरणारं नसांचं जाळं ताणलं जातं, कधी मुळापासून उखडतं. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्ससची इजा म्हणतात. हात शाबूत दिसतो, पण नुसता लोंबतो. मोठ्या माणसांत या इजेचं प्रमुख कारण दुचाकीचे अपघातच. आणि तरीही त्या माणसाला परत गाडीच हवी असते. लोकांना हा वेडेपणा वाटतो. मला नाही वाटत. शेवटची एसटी दिवेलागणीलाच निघून जात असेल, तर गाडी ही काही हौस नसते.

आमच्या भागातल्या एका गॅरेजात अशी एक स्कूटर तयार होताना मी पाहिली. गिऱ्हाईक पंचविशीतलं, उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात. दोन्ही बाजूंना चाकं बसवून झाली होती. रेसची नळी उजवीकडून काढून डावीकडे घातलेली, वायर लांब करून घेतलेली. डाव्या लिव्हरनं दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात ही कॉम्बी ब्रेकची सोय कंपनीचीच. हॉर्न आणि इंडिकेटर आधीपासून डावीकडे. स्टार्टरचं बटण तेवढं इकडे आणलं. मिस्त्री खुशीत होता. “दादा, सगळं एका मुठीत आणलंय बघा!”

दादा बसला, रेस दिली, गाडी हिसक्यानं सुटली. हिसक्यानं अंग मागे गेलं. मागे जाणारा माणूस काय करतो? हातात असेल ते आणखी घट्ट धरतो. मूठ ओढली गेली, मनगट वळलं, रेस आणखी वाढली. भिंत जवळ यायच्या आत त्यानं ब्रेक दाबला म्हणून बरं. मिस्त्री क्षणभर गाडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हाताला कामं लई झाली.”

मग उलटं काम सुरू झालं. अलिबागकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात त्या चारचाकी एटीव्हींना रेस अंगठ्यानं दाबायची असते. तसला एक जुना खटका त्यानं मिळवला. आता मूठ फिरतच नव्हती. ती फक्त धरायची. मागच्या ब्रेकसाठी जुन्या चेतकसारखं पेडल उजव्या पायाखाली दिलं. आणि सीटला पाठ टेकायला आधार लावला, म्हणजे हिसका बसला तरी तो पाठ सोसेल, मनगट नाही. एका हाताच्या माणसासाठी केलेल्या बदलात सगळ्यात मोलाची वस्तू पाठीमागे होती, याचं मला नवल वाटलं.

कुठल्या अवयवानं काय करायचं, ही वाटणी तशी कधीच पक्की नव्हती. अमेरिकेतल्या ‘इंडियन’ कंपनीच्या जुन्या मोटारसायकलींची रेस डाव्या मुठीत असे, क्लच पायात आणि गिअर बदलायला टाकीशेजारी दांडा. आपल्याकडच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता, ब्रेक डाव्या. सवय नसलेला मित्र गाडी मागून न्यायचा आणि ब्रेक समजून गिअर टाकायचा. होंडाची सुपर कब १९५८ साली आली. सोबा नूडल्सचं ताट एका हातावर तोलून पोचवणाऱ्या पोराला ती चालवता यावी, हा तिच्या रचनेमागचा एक विचार. म्हणून क्लचची लिव्हरच काढून टाकली. २०१७पर्यंत या घराण्याच्या दहा कोटी गाड्या बनल्या. एक हात मोकळा सोडणारी गाडी दोन हातांच्या जगानं डोक्यावर घेतली, असंच म्हणायचं.

शर्यतीतही तेच. मोटारसायकल शर्यतींतल्या मिक डूहानचा उजवा पाय १९९२च्या ॲसनच्या शर्यतीतल्या अपघातात जाता जाता वाचला, पण ब्रेक दाबण्याजोगा राहिला नाही. मागचा ब्रेक डाव्या अंगठ्याला दिला आणि त्यानं १९९४ ते १९९८ सलग पाच जागतिक विजेतेपदं मिळवली. पुढे दोन्ही पाय धडधाकट असलेल्यांनीही तो ब्रेक मागून घेतला. ऑस्ट्रेलियाचा ॲलन केम्पस्टर तर उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही गमावून शर्यतीत उतरला. गाडीवर नंबर लावला, ½.

बाजूला चाकं जोडली की गोष्ट आणखी निराळी. दुचाकी वळणात कलते, अर्धं वळण कलण्यातच होतं. बाजूला चाक जोडलेली गाडी कलत नाही. हँडल ढकलून वळवावी लागते, आणि एका हातानं ते जड जातं. यावर तोड पुढच्या फोर्कमध्ये आहे. हँडल ज्या रेषेत फिरतं ती जमिनीला जिथे मिळते, तिथून किती मागे चाक टेकतं, ते अंतर कमी केलं की हँडल हलकं होतं. बीएमडब्ल्यूनं १९५५पासून काही वर्षं वापरलेल्या अर्ल्स फोर्कला याचसाठी बिजागरीच्या दोन जागा होत्या : एक नुसत्या गाडीसाठी, दुसरी साइडकार जोडल्यावर. आपल्या रस्त्यांची अडचण मात्र कुठल्याच फोर्कनं सुटत नाही. दुचाकीला खड्डा चुकवता येतो. बाजूला चाकं असली की ती तीन वाटांनी जातात, त्यातलं एक खड्ड्यात असतंच.

कायदाही आडवा येत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अपंगत्वासाठी गाडीत बदल करून घेण्याची वाट आहे. नोंद तेवढी करून घ्यावी लागते.

खरी अडचण आपल्या कौतुकाची आहे. एकच हात उरला की सगळं त्या हातावर टाकायचं आणि वर त्याला शाबासकी द्यायची, हे आपल्याला फार सहज जमतं. घरातला एक भाऊ परगावी गेला की उरलेल्याच्या वाट्याला आईचं औषधपाणी, शेत, बँक, सगळं येतं आणि पाहुणे म्हणतात, पोरगा एकटा किती करतो! मिस्त्रीनं शाबासकी दिली नाही, कामं कमी केली. कामं पायाकडे गेली, पाठीकडे गेली, अंगठ्याकडे गेली आणि हाताला धरून ठेवायचं काम नीट करता आलं. तेव्हा ‘एका हातानं किती करतो बघा’ असं कुणी कौतुकानं सांगू लागलं, की आधी विचारावं : एवढं सगळं त्याच हातानं का करावं लागतंय?