पायऱ्यांवरचं बोलणं

मिखाएल हानेकेचा ‘काशे’ पाहून उठलेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग त्या कॅसेट पाठवल्या कोणी?

चित्रपट 2005 सालचा. पॅरिसमधलं सुखवस्तू घर. जॉर्ज टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करतो, बायको ॲन प्रकाशनसंस्थेत आहे, मुलगा पियरो बारा वर्षांचा. कोणीतरी समोरच्या गल्लीतून त्यांच्या घराचं तासन्‌तास चित्रण करतं आणि ती कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराशी ठेवून जातं. मागणी काही नाही. पुढच्या कॅसेटबरोबर चित्रं येऊ लागतात, लहान मुलानं काढल्यासारखी: तोंडातून रक्त येणारं पोर, मान कापलेला कोंबडा. ती जॉर्जला बरोबर ओळखू येतात. त्याच्या आईवडिलांच्या शेतावर राबणारं एक अल्जेरियन जोडपं 17 ऑक्टोबर 1961 रोजी पॅरिसला मोर्चासाठी गेलं, ते परत आलंच नाही. त्यांचा मुलगा माजिद याला जॉर्जचे आईवडील दत्तक घेणार होते. सहा वर्षांच्या जॉर्जला वाटेकरी नको होता. त्यानं माजिदबद्दल खोटंनाटं सांगितलं आणि माजिदची रवानगी अनाथाश्रमात झाली.

मी तो पहिल्यांदा पाहिला पुण्यात, एका फिल्म क्लबच्या खेळाला. शेवटचा शॉट म्हणजे पियरोच्या शाळेच्या पायऱ्या. शाळा सुटलेली, मुलांचे घोळके, घ्यायला आलेल्या गाड्या. कॅमेरा जागचा हलत नाही, संगीत नाही (अख्ख्या चित्रपटालाच नाही), आणि त्याच शॉटवर श्रेयनामावली सुरू होते. नामावली दिसली की आपलं पब्लिक उभं राहतं, हे जगजाहीर आहे. माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ उठून पिशवी शोधू लागले आणि पडद्याचा डावा भाग त्यांच्या पाठीमागे गेला. मला दिसल्या त्या नुसत्या पायऱ्या. बाहेर चहाच्या टपरीवर एक जण शपथेवर सांगत होता की त्या गर्दीत डावीकडे माजिदचा तरुण मुलगा पियरोला येऊन भेटतो, दोघं बोलतात. निम्म्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

पुढे डीव्हीडी मिळाली. बोलतात खरंच. वरच्या पायऱ्यांवर भेट होते, बोलत बोलत दोघं खाली येतात, मग पांगतात. हानेकेनं त्यांच्यासाठी संवाद लिहिले होते म्हणतात, पण आपल्यापर्यंत शब्द येत नाही, नुसता मुलांचा कलकलाट. नवरा गुप्तहेराच्या उत्साहानं रिमोट घेऊन बसायचा. त्याचा निकाल लगेच लागला: दोघांचं संगनमत. माझा लागेना. जॉर्ज कॅमेरा असायला हवा तिथूनच चालत जातो, आणि त्याला काहीच दिसत नाही. माजिदच्या खोलीतलं चित्रणही कोणी केलं, याचा पत्ता लागत नाही. मग कधी मला वाटे, कॅसेट दिग्दर्शकानंच पाठवल्या असाव्यात. हानेके मुलाखतीत हा प्रश्न मास्तरासारखा झिडकारतो. मला ते आवडत नाही. रहस्यकथेचं जेवण वाढायचं आणि कोणी हात घातला की खादाड म्हणायचं, हा काय न्याय?

दरम्यान आमच्या सोसायटीत सीसीटीव्ही आले. वॉचमनच्या खोलीतल्या पडद्यावर चौकोन दिसतात: फाटक, जिना, पार्किंग. ‘काशे’ची सुरुवातही अशाच हलत्या-न-हलत्या चित्रानं होते. एक घर, एखादा सायकलवाला, कुठे काही घडत नाही. तीन-एक मिनिटांनी चित्रावर आडव्या रेघा धावतात, आणि आपण पाहत होतो ती गल्ली नव्हे, गल्लीची कॅसेट होती, हे कळून पोटात गोळा येतो. आता माझ्याच दाराचं चित्रण माझ्या फोनवर येतं आणि त्याची वर्गणीही मीच भरते. पाळत ठेवली जाण्याची भीती या चित्रपटातून जवळजवळ निघूनच गेली. तरी तो अंगावर येतो, तेव्हा भीती कॅमेऱ्याची नसणार.

मी पुन्हा पाहिला तो वडिलांमुळे. बाबांचं लहानपण वाईच्या घरातलं. तिथे शिक्षणासाठी ठेवून घेतलेला दत्तू नावाचा मुलगा होता, बाबांच्याच वयाचा. एके वर्षी चांदीची वाटी हरवली आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर दत्तूला गावी धाडलं. एवढीच गोष्ट, तीही आत्याकडून अर्धवट ऐकलेली. बाबांना विचारलं, “बाबा, दत्तूचं काय झालं होतं हो?” म्हणाले, “अगं, लहान होतो आम्ही. मला काय आठवतंय!” त्या घरातलं लंबकाचं घड्याळ कोणत्या दुकानातून आणलं, केवढ्याला आणलं, टांग्याला काय दिलं, हे सगळं त्यांना आठवतं. जॉर्जही हेच सांगत राहतो: मी सहा वर्षांचा होतो. सहा वर्षांच्या पोराला कोण फासावर देईल? पण चाळिशी उलटलेला जॉर्ज माजिदच्या घरी जाऊन त्याला दमदाटी करतो, त्याला आणि त्याच्या मुलाला पोलिसांकडून एका रात्रीसाठी आत टाकवतो. ते वय लहान नव्हतं.

सहा वर्षांच्या पोरामागे उभं आहे एक अख्खं शहर. त्या ऑक्टोबरच्या रात्री अल्जेरियन लोकांवरच्या संचारबंदीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर मोरिस पापोंच्या हाताखालचे पॅरिस पोलीस तुटून पडले. माणसं मारून सेन नदीत टाकली. सुरुवातीचा सरकारी आकडा तीन मृतांचा होता. काही इतिहासकार दोनशेपर्यंत जातात. साँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक बसायला 2001 साल उजाडलं. हानेके ऑस्ट्रियन. त्याला हे कळलं एका माहितीपटातून, आणि त्याला धक्का बसला तो एवढी गोष्ट इतकी वर्षं बोलली कशी गेली नाही, याचा. चित्रपटात हे सगळं जॉर्ज दोन-तीन वाक्यांत उरकतो.

माजिद त्याला घरी बोलावतो आणि त्याच्यादेखत स्वतःचा गळा चिरतो. भिंतीवर रक्ताची चिळकांडी, आणि जॉर्ज नुसता उभा. त्यानंतर तो कुठे जातो? सिनेमाला. शेवटी घरी येऊन झोपेच्या दोन गोळ्या घेतो, पडदे ओढून घेतो, पांघरुणात शिरतो. माझ्या मते चित्रपटाचा खरा शेवट इथे आहे. पुढे लांबून दिसणारं शेतावरचं अंगण, किंचाळणाऱ्या माजिदला गाडीत कोंबणारी माणसं, आणि त्यानंतर त्या पायऱ्या. कॅसेट कोणाची, हा प्रश्न आपल्याला ॲन आणि जॉर्जच्या दिवाणखान्यात बसवून ठेवतो. तिथे बसलं की अंगणाकडे पाहावं लागत नाही. माझा नवरा रिमोट दाबून मागेपुढे करायचा तो नेमका शाळेचा शॉट. अंगणाचा शॉट त्यानं कधी थांबवून पाहिला नाही.

गेल्या दिवाळीत भाचीला दाखवला. तिला संगनमत वगैरे काही दिसलं नाही. म्हणाली, “मावशी, तो पोरगा पियरोचे कान भरतोय असंच का वाटतं सगळ्यांना? दुसरं काही बोलत नसेल?” मी म्हटलं, त्याचा बाप नुकताच मेलाय, तो रागावलेला असणार. “हो, पण अख्ख्या सिनेमात रागानं अंगावर कोण धावतं? जॉर्ज. हा तर ऑफिसात येऊन नीट बोलतो.” खरं होतं. माजिदचा मुलगा जॉर्जला गाठतो ते एवढंच पाहायला, की एका माणसाच्या मरणाचं ओझं मनावर असताना कसं वाटतं. त्याचा आवाज चढत नाही. तरीही अरबी चेहऱ्याचा तरुण गोऱ्या पोराजवळ गेला की आपण कट शोधतो, आणि हे पुण्यात बसूनसुद्धा. तिच्यामुळे एक शक्यता मला नव्यानं दिसली: दोघांपैकी धाकट्यानंच मोठ्याला काही विचारलं असेल. घरात कोणी सांगत नाही म्हटल्यावर पोर दुसरीकडे विचारणारच.

भाचीनं मग दत्तूचं विचारलं. आडनाव मला माहीत होतं, गाव मेणवलीच्या पुढचं, एवढंही. त्याची मुलंबाळं तिथे असतील असं तिला वाटतं आणि जाऊन भेटायचंय. आत्या म्हणाली, उगाच कशाला, काय बोलणार आहेस जाऊन? बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं. मी वाईपर्यंत स्वारगेटहून एसटी मिळते म्हणून सांगितलं. काय बोलायचं, ते तिनं मला विचारलं नाही.