आमचा ऱ्हस्व उकार

आमच्या महाविद्यालयात आम्हाला अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. वैशाखातल्या उन्हातही आमच्या मनगटावरची बटणे लावलेली असतात, आणि याविषयी विद्यार्थ्यांत दोन पक्ष आहेत. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवतो, तेव्हा हा साहेबी शिस्तीचा अवशेष असावा, असे एका पक्षाचे मत. हातावर भाजल्याचा मोठा डाग असावा, असे दुसऱ्याचे. खरे कारण दोन्ही पक्षांच्या तर्काबाहेरचे आहे. आमच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, हिरव्या अक्षरांत आमचे घरगुती नाव गोंदलेले आहे. आणि ते अशुद्ध आहे.

ही गोष्ट 1979 सालची. सातारा जिल्ह्यात तारळी नदीच्या काठी पाल या गावी पौषात खंडोबाची मोठी यात्रा भरते. आजीचे बोट धरून आम्ही तेथे गेलो होतो. भंडाऱ्याने पिवळी झालेली ती अफाट गर्दी पाहताच आपला नातू आज हरवणार असे आजीच्या मनाने घेतले. पाळण्यांच्या पलीकडे एक गोंदणारा बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन बसला होता. आजीच्या स्वतःच्या कपाळावर व हनुवटीवर ठिपके आणि हातावर तुळशीवृंदावन होते. पण ती सारी सुयांच्या जुडीने आणि काजळाने टोचलेली. यंत्राचा गुणगुणाट ऐकून ती क्षणभर बिचकली, मग म्हणाली, "नाव असलं म्हंजे कुनीबी घरला आणून सोडील." महाराष्ट्रात बाळू नावाचे किती जीव नांदत असतील आणि नुसत्या त्या नावावरून आम्हाला कोणत्या घरी पोचवायचे, हा प्रश्न तिला पडला नाही. गोंदणाऱ्याने 'ळ'ला ऱ्हस्व उकार दिला. आजी निरक्षर होती आणि आम्ही रडण्यात गुंतलो होतो. मुद्रित तपासायला तेथे कोणीच नव्हते.

पुढे आम्ही शिकलो. शब्दाच्या अंती येणारा उकार मराठीत दीर्घ लिहावा, हा नियम आम्हाला शाळेत कळला, त्या दिवसापासून बाही खाली आली ती आलीच. नोकरी लागल्यावर महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातील मराठी विभागाचे शुद्धलेखन आमच्याकडे आले, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत निष्ठुर म्हणून आमची ख्याती झाली. लोकांच्या उकारांवर तांबडी पेन्सिल चालवणारा हातच ऱ्हस्व उकार वागवीत होता, हे रहस्य बाहीने राखले. कंपनी सरकारच्या काळी बंगालमध्ये 1797 पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असत, आणि तो दिसू नये म्हणून ते बापडे पागोटे खाली ओढीत. 1849 साली ती शिक्षा रद्द झाली. आमच्या बाहीची शिक्षा मात्र, आमची आम्हीच दिलेली असल्यामुळे, रद्द करणारे सरकार नव्हते.

यंदा आमच्या कन्येने हा प्रश्न निकालात काढण्याचे मनावर घेतले. जुन्या गोंदणावर नवे गोंदवून घेण्याची सोय आता शहरोशहरी झाली आहे, असे सांगून तिने आम्हाला एका दुकानात नेले. तेथील तरुण कारागीर आपल्या विद्येत मुरलेला होता. आमची समजूत अशी की भिंतीवर रंगाचा नवा हात द्यावा तसे हे असेल. तो म्हणाला, "नाही काका. नवा रंग जुन्याच्या वर बसत नाही. तोही कातडीच्या त्याच थरात जातो आणि जुन्यात मिसळतो." म्हणून नवे चित्र जुन्याहून गडद हवे, दुपटी-तिपटीने मोठे हवे, आणि जुन्या रेषा त्यात कोठेतरी कामाला लावता आल्या पाहिजेत. पांढऱ्या रंगाने काळे झाकत नाही. किरणांच्या यंत्राने जुना रंग आधी फिकट करता येतो, पण त्याला बऱ्याच खेपा पडतात. घरी येऊन आम्ही थोडे वाचले, तेव्हा आणखी एक नवल कळले. कातडीतील काही पेशी हा रंग गिळून बसतात; त्या मेल्या की रंग मोकळा होतो, आणि नव्या पेशी येऊन तोच रंग पुन्हा गिळतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 साली हे उंदरांवर दाखवून दिले. म्हणजे गोंदण टिकते ते दगडावरच्या लेखासारखे नव्हे. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती द्यावे तसे टिकते.

कारागिराने आमच्यासाठी मोरपीस निवडले. त्याचा ठसा हातावर उमटवून तो समाधानाने म्हणाला, "हा पिसाचा डोळा बरोबर उकारावर येतो. शेपूट पार गिळून टाकील." त्या शेपटाचे नाव निघाले, आणि आम्हाला एक जुने पत्र आठवले.

आजीला आयुष्यात एकच शब्द वाचता येत असे. तो आमच्या हातावरचा. दुपारी ओसरीवर बसून ती आमचा हात मांडीवर घेई, अक्षरांवरून बोट फिरवी आणि शेवटच्या शेपटापाशी थांबून म्हणे, "ह्ये बाळू." आम्ही शिकायला पुण्यास गेल्यावर घरी पोस्टकार्डे धाडू लागलो. खाली सही अर्थातच शुद्ध, दीर्घ उकाराची. पहिले कार्ड शेजारच्या मुलाने वाचून दाखवल्यावर आजीने ते हातात घेतले, सही निरखली आणि सांगितले, "ह्ये आमच्या बाळूचं न्हाई. शेपूट उलटीकडं वळलंय." सुटीत आम्ही गेलो तेव्हा तिने हीच तक्रार केली. आम्ही हसलो आणि तिला शुद्धलेखनाचा नियम सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तू शिकलास, तुझं खरं." त्यानंतर तिने सही पाहायला कधी मागितली नाही, आणि आमचा हातही मांडीवर ओढला नाही, तोवर बाहीला बटण आले होते.

ती आणखी नऊ वर्षे जगली. तेवढ्या काळात आम्ही तिला किती कार्डे धाडली याची मोजदाद नाही; पण तिला वाचता येईल असे एकही धाडले नाही. ऱ्हस्व उकाराने आमचे काय गेले असते, याचा विचार आज करतो तेव्हा उत्तर सापडत नाही. माणूस जाताना सारे येथेच राहते, बरोबर येते ते फक्त गोंदण, असे ती म्हणत असे. तिच्याबरोबर तुळशीवृंदावन गेले असेल. आमच्या हातावरची दोन अक्षरे मात्र वाचणाऱ्यावाचून मागे राहिली.

आम्ही कारागिराला ठसा पुसायला सांगितले. त्याच्या वेळेचे मोल आम्ही देऊ केले, ते त्याने घेतले नाही. कन्या वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने आमच्यासाठी अर्ध्या बाह्यांचे दोन सदरे आणले.

त्यांपैकी एक घालून परवा आम्ही वर्गात गेलो. पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीची नजर आमच्या हाताकडे गेली. गेल्या वर्षीच्या अंकात तिच्या लेखातले सात उकार आम्ही दुरुस्त केले होते. तास संपल्यावर ती जवळ आली आणि भीतभीत म्हणाली, "सर, तो उकार दीर्घ हवा ना?"

"हवा," आम्ही म्हणालो. आणि ज्या आजीने तो नीट वाचला होता, तिची हकीकत आम्ही तिला सांगितली.