कपाटाला न कळणारी पुस्तकं

आमच्या दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाट वाढायचं थांबलं, त्याला बरीच वर्षं झाली. पूर्वी दर दिवाळीनंतर एखादा खण उपसून पुस्तकं आडवी-उभी रचावी लागत. आता तीच पुस्तकं त्याच क्रमाने उभी आहेत. पाहुणे येतात, चहा होईपर्यंत कपाटासमोर रेंगाळतात. कण्यावरच्या अक्षरांबाबत आपल्या प्रकाशकांचं एकमत नाही. कुणी वरून खाली छापतं, कुणी खालून वर. त्यामुळे बघणाऱ्याची मान एकदा डावीकडे कलते, एकदा उजवीकडे. मग ते वळून म्हणतात, "हल्ली वाचन कमी झालं वाटतं?" मी नुसती हसते. खरं तर मी आधीपेक्षा जास्तच वाचते. पण ते सगळं सोफ्यावर उशीखाली पडलेल्या टॅबमध्ये आहे आणि टॅबला कणा नसतो.

टॅबकडे वळण्याची कारणं अगदी साधी. डोळे, डोंबिवलीतलं लहान घर आणि वाळवी. जाडजूड कादंबरी छातीवर उभी धरून वाचताना मनगट दुखायचं, आणि बारीक टायपातली जुनी पुस्तकं तर चष्मा बदलूनही दाद देईनात. टॅबवर दोन बोटांनी अक्षर मोठं केलं आणि पुन्हा पानंच्या पानं वाचू लागले. शेजारी नवरा झोपलेला असताना दिवा न लावता वाचता येतं, हे सुख ज्यांनी वर्षानुवर्षं "झालं का तुझं?" ऐकलंय त्यांनाच कळेल.

मराठीला मात्र या काचेवर नीट बसायला वेळ लागला. किंडल २००७ मध्ये आलं, आयपॅड २०१० मध्ये. सुरुवातीच्या काळात कुणी मराठी फाइल पाठवली की ती उघडताना धाकधूक व्हायची. ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षराच्या नंतर आणि दाखवताना आधी, ही गोष्ट न समजलेली यंत्रं ती वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात घालत. जोडाक्षरांचे पाय मोडत. आपल्या छापखान्यांत वापरलेले जुने फाँट तर दुसऱ्या यंत्रावर गेले की इंग्रजी अक्षरांचा कचरा व्हायचे. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं रीतसर मिळू लागली. तोवर आमच्यासारख्यांचा आधार पीडीएफच. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानचीही आहेत.

यातला माझा लाडका प्रकार म्हणजे जुन्या ग्रंथालयातलं पुस्तक पानापानाने स्कॅन करून केलेली फाइल. त्यात वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो, कसरीने पाडलेलं भोक असतं, कुण्या वाचकाने समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं "साफ खोटं!" असतं. मध्येच एखाद्या पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला दिसतो. नखासकट. चकचकीत ई-बुकापेक्षा मला त्या अंगठ्याची सोबत बरी वाटते.

पानांचं म्हणाल तर ती गेलीच. अक्षर मोठं केलं की मजकूर नव्याने वाहतो, मग डाव्या पानावर खालच्या बाजूला वाचलेलं वाक्य उरतच नाही. पूर्वी मला मजकूर जागेसकट आठवायचा. कादंबरीतलं ते पत्र कुठे आहे? मधल्या भागात, उजवीकडे, वर चहाचा डाग. आता आठवतो फक्त मजकूर, आणि यंत्र सांगतं, तुम्ही तेवीस टक्क्यांवर आहात. कर्जाच्या हप्त्यांसारखं. पण शब्द टाकला की शोधून मिळतो, त्यामुळे या बाबतीत फार गळा काढावासा वाटत नाही.

मला जास्त जाणवतं ते दुसरंच. आमच्या घराला आता माझं वाचन दिसत नाही. पुस्तक हातात असायचं तेव्हा त्याचं मुखपृष्ठ सगळ्या घराला दिसायचं. सासूबाई नाव वाचायच्या, लेक चित्र बघायची, इस्त्रीवालासुद्धा एकदा "ताई, हे शिवाजी महाराजांवर आहे का?" म्हणून थांबला होता. लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली एखादी बाई वाचत असली, तर मान वाकडी करून पुस्तकाचं नाव बघता यायचं आणि कल्याण येईपर्यंत ओळख व्हायची. आता डब्यात शंभर बायका काचेकडे बघत असतात. त्यातली कोण कादंबरी वाचतेय, कोण साड्या बघतेय आणि कोण बॉसची मेल, काही पत्ता लागत नाही.

पण हे दिसणं केवढं जाचक होतं, ते मी विसरलेले नाही. माझी आत्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायची. लायब्ररीतल्या पुस्तकांना खाकी कव्हर असायचं ते टिकावं म्हणून, पण वाचणारीलाही त्याचा आडोसा व्हायचा. बाईच्या हातात भरदुपारी पुस्तक दिसलं की घराला हटकून तिची कामं आठवायची. आणि आता गंमत बघा, हातात टॅब असला की सगळ्यांना वाटतं मी विजेचं बिल भरतेय नाहीतर गॅस नोंदवतेय. कुणी हाक मारत नाही. या एका गैरसमजावर मी कितीतरी आत्मचरित्रं वाचून काढली आहेत. शिवाय कपाटातलं सगळं वाचलेलंच असतं असं तरी कुठे आहे? सवलतीत घेतलेल्या समग्र वाङ्मयाचे आमच्याकडचे खंड अजून आतून करकरीत आहेत. ते पाहुण्यांसाठीच होते.

"छापील पुस्तकाचा वास टॅबला कुठून येणार?" असं कुणी म्हटलं की मला गणपत कृष्णाजी आठवतात. त्यांनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापलेल्या कागदाला शिवत नव्हती, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली असं सांगतात. म्हणजे ज्या वासासाठी आपण आज हळवे होतो, त्याच वासाला आपल्या खापरपणज्यांनी नाक मुरडलं होतं. त्यांच्या लेखी खरा ग्रंथ म्हणजे सुट्या पानांची, बासनात बांधलेली हस्तलिखित पोथी. तिलाही कण्यावर नाव नव्हतंच.

घराला दिसत नाही, पण दुकानदाराला दिसतं. हे जरा उशिरा लक्षात आलं. मी कुठलं पुस्तक उघडलं, कुठवर वाचलं, कुठे पिवळी खूण केली, हे सगळं खात्यावर जमा होतं. मुखपृष्ठावरून सासूबाईंना कळायचं ते फार तर नाव. मी पुस्तक अर्ध्यावर सोडलं, हे त्यांना कधी कळलं नाही. शिवाय "विकत घ्या" असं बटण दाबलं तरी आपल्याला मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत अनेकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं रातोरात गायब झाली होती. ज्याने ती तिथे विकायला ठेवली, त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून कंपनीने दूर बसून ती पुसली आणि पैसे परत केले. पुढे कंपनीचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली. पुसलेल्यांत '१९८४' होतं; सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या सत्तेची ती कादंबरी. आमच्या वाळवीने पुस्तकं खाल्ली, पण पैसे परत करायचा उद्धटपणा तिने केला नाही.

लेक बंगळुरूला नोकरी करते. आम्ही दोघी एकाच खात्यावर वाचतो, तेवढीच पैशांची बचत. मध्यंतरी मी एक कादंबरी वाचायला घेतली आणि यंत्राने विचारलं, या पुस्तकात दुसऱ्या यंत्रावर पुढे वाचून झालंय, तिथे जायचं का? खाली वेळ होती, पहाटे अडीच. इतकी वर्षं ती तिथे काय खाते, कधी झोपते, हे विचारून विचारून मी थकले होते. ते यंत्राने न विचारता सांगितलं. सकाळी फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रात्री झोप झाली ना गं?" ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "आई, तू माझ्यावर पाळत ठेवतेस?"

तेव्हापासून ती रात्री नेट बंद करून वाचते. दुपारी कधीतरी ते सुरू होतं आणि माझ्या काचेवर पाटी उमटते की पुढचं वाचन साठ टक्क्यांवर आहे. मी "नको" दाबते आणि फोन न करता माझ्या तेवीस टक्क्यांपासून पुढे वाचायला लागते.