खोळीतली पेटी

आमच्या घरी एक पेटी आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. पण आमच्याकडे तिला कुणी हार्मोनियम म्हणत नाही. तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की लवकर वर येत नाहीत, भात्याच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे आणि पावसाळ्यात तर तिला सर्दी झाल्यासारखा सूर येतो. माझे पप्पा रिक्षा चालवीत. आठवड्याचे सहा दिवस त्यांच्या हातात रिक्षाचे हँडल असे आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये ही पेटी. रिक्षा रोजच्या भाकरीसाठी आणि पेटी रविवारच्या आनंदासाठी, अशी त्यांची साधी वाटणी होती.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले. तरी घरात बोलताना तोंडात ‘नगर’च येते. अमेरिकन मिशनची माणसे १८३१ साली इथे आली, तेव्हापासून या जिल्ह्यात आमची वस्ती वाढली. आम्ही एकमेकांना भेटलो की ‘सलाम’ म्हणतो, नाताळला करंज्या-अनारसे करतो आणि देवाची गाणी मात्र अगदी अभंग-ओवीच्या वळणावर म्हणतो. ही देणगी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांची कितीतरी भजने आमच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आहेत. माझ्या आजीला ती सारी पाठ. १९७२ च्या दुष्काळात, नुकतीच लग्न होऊन आलेली असताना, ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. सुकडीवर दिवस निघत होते, हाताला फोड आले होते, आणि ही हातोड्याच्या तालावर भजने म्हणायची! हे सांगताना तिला आजही हसू येते. “मुकादम म्हणायचा, बाई, तुम्ही गाता तवा खडी जास्ती फुटती,” असे ती सांगते.

लहानपणी ही गोष्ट मला फार गमतीची वाटे. त्या हसण्याचा पुढे मला इतका राग येईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

२०२१ साल कुणाला सांगायला नको. त्या वर्षी ४ एप्रिलला ईस्टर होता. पप्पांनी चर्चमध्ये पेटी वाजवली. तोंडाला मास्क असल्यामुळे त्यांचे गाणे नीट ऐकू येत नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून सगळी प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. माझी दहावी. परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा मी आनंदाने उडी मारली होती. त्याच आठवड्यात पप्पांना ताप आला.

पुढचे सविस्तर लिहिण्याचे धैर्य मला अजूनही होत नाही. तीन दिवस काका पप्पांच्याच रिक्षात पप्पांना घेऊन खाट शोधत फिरले. ज्या रस्त्यांवरून पप्पांनी किती आजारी माणसांना वेळेवर पोहोचवले असेल, त्याच रस्त्यांवर त्यांच्यासाठी कुठे जागा नव्हती. चौथ्या दिवशी खाट मिळाली. पण तिचा उपयोग दोनच दिवस झाला. त्यांना घरी आणलेच नाही. कबरस्तानात पाचच माणसे होती. पाळकसाहेबांनी लांब उभे राहून प्रार्थना केली. काकांनी मोबाईल धरला होता, त्यातून आम्ही तिघींनी ते पाहिले. चित्र हलत होते, मध्येच थांबत होते. माझ्या पप्पांवर पडलेली माती मी बोटभर काचेतून पाहिली.

त्या रात्री वीज गेली होती. आई भिंतीला टेकून बसली होती. आणि अंधारात आजी गाऊ लागली. पप्पा नेहमी वाजवीत असत, तेच भजन. आवाज बारीक होता, पण एक शब्द चुकला नाही. मला वाटले, ही बाई वेडी आहे, नाहीतर हिला काळीज नाही. मी किंचाळले, “गप्प बस आजी! कुणासाठी गातेस? त्यानं ऐकलं का आपलं?”

आजी गप्प झाली. ती इतकी लगेच गप्प झाली की त्याचीच मला भीती वाटली. त्यानंतर कितीतरी महिने आमच्या घरात कुणी गायले नाही.

आनंद ही चीज सुखवस्तू माणसांची असते असे मला त्या दिवसांत वाटू लागले होते. रिक्षा विकली. आईने चार घरचे डबे करायला घेतले. पहाटे साडेचारला स्टोव्हचा आवाज सुरू होई. मी कॉलेजमध्ये नाव घातले, पण फीचा आकडा पाहिला की पोटात गोळा येई. एकदा काकांनी सुचवले, पेटीचेही दोन-तीन हजार येतील. आईने नुसती मान हलवली. आणि पेटीला जुन्या चादरीची खोळ शिवून ती कपाटावर ठेवून दिली. देवावर माझा विश्वास उरला नव्हता असे नाही. पण मी त्याच्याशी बोलणे सोडले होते. आपल्या माणसाशी अबोला धरावा तसे!

७ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील देवळे, मशिदी, चर्च पुन्हा उघडली. येणाऱ्या रविवारी आई म्हणाली, “चल.” मी गेले. पेटीच्या जागी रिकामी खुर्ची होती. उपासना सुरू झाली आणि पहिल्याच गीताला सगळ्यांचे आवाज वेगवेगळ्या पट्टीत गेले; धरून ठेवणारे कुणी नव्हते. त्या सहा महिन्यांत त्या बाकांवरची किती माणसे गेली होती! कुणाची आई, कुणाचा तरुण मुलगा. तरी लोक गात होते. बेसूर, थांबत, डोळे पुसत गात होते. मला तिथे पहिल्यांदा लाज वाटली. दुःख जणू माझ्या एकटीच्या घरी उतरले होते अशा थाटात मी वावरत होते.

पण लाज वाटणे वेगळे आणि समजणे वेगळे. समजायला मला आणखी दोन वर्षे लागली, आणि ते समजले ते चर्चमध्ये नव्हे, आपल्या या महाविद्यालयात, मराठीच्या तासाला.

सर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होते. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांचे वर्णन आले आणि सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. घरी आल्यावर ग्रंथालयातून आणलेले अख्खे पुस्तक वाचायला घेतले. आमच्या घरात टिळकांचे नाव रोजचे. पण त्यांच्या पत्नीच्या वाट्याला काय आले हे मला ठाऊक नव्हते. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. पोटची मुले गेलेली. नवरा केव्हा घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. आणि १८९५ साली त्या नवऱ्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तर तिच्या पायाखालची जमीनच गेली. नवरा जिवंत आणि संसार मात्र मोडलेला! लहान मुलाला घेऊन ती नातेवाइकांच्या आधाराने राहिली. पुढे ती नवऱ्याकडे परत आली ती आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. कुणाच्या सांगण्यावरून तिने काही सोडले नाही. जे सोडायचे ते स्वतः विचार करून, एकेक करून सोडले, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ताचा स्वीकार केला.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्यांनी अकरा अध्याय लिहिले होते. बाईंनी पुढचे चौसष्ट लिहून ते पुरे केले. मग मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून त्या लिहायला बसल्या, आणि त्यातून १९३४ सालापासून ‘स्मृतिचित्रे’ बाहेर येऊ लागली. १९३६ सालीच त्या वारल्या.

त्या पुस्तकात मी काय शोधत होते? मी शोधत होते तक्रार. इतके सोसलेल्या बाईने कुठेतरी देवाला जाब विचारलेला असेल, नाहीतर ‘मी किती सोसले’ म्हणून तरी सांगितले असेल. तसे काही सापडेना. उलट पानापानावर हसू! नवऱ्याचे हसू, स्वतःचे हसू, स्वतःच्या अडाणीपणाचेसुद्धा हसू. मात्र रडण्याची जागा आली की ती टाळलेली नाही. दुःख झाले तिथे झाले असे सरळ सांगितले आहे. ते सांगणारे आणि हसणारे माणूस एकच आहे, दोन नव्हेत. मी पुस्तक मिटले आणि मला खडी फोडणारी आजी आठवली.

त्या रात्री मी धीर करून आजीजवळ बसले आणि दोन वर्षे गळ्यात अडकलेला प्रश्न विचारला, “आजी, पप्पा गेले त्या रात्री तू गायलीस. तुला रडू कसं आलं नाही?”

आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “अगं पोरी, मी रडतच व्हते. तुला नुस्तं गाणं ऐकू आलं.”

मला काही बोलता येईना. ती पुढे म्हणाली, “माझा ल्योक होता तो. नऊ महिने वाहिला मी त्याला. तोंड बघायला गावलं न्हाई मला त्याचं. मग मी काय करावं? बोलाया शब्द नव्हते. ते भजन पाठ होतं. म्हणलं, आपल्याला येत नसंल तर टिळकसायबाच्या शब्दांत रडावं. प्रभूला कळतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने मला शास्त्रातले फिलिप्पैकरांस पत्र वाचायला लावले. तिचे डोळे अधू झाले आहेत, म्हणून आता वाचन माझ्याकडे असते. पौलाचे हे पत्र चारच अध्यायांचे, आणि त्यात ‘आनंद’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. संडे स्कूलमध्ये त्यातली वचने आम्ही पाठ करून बक्षिसे मिळवली होती. पण पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. जगेन की मरेन हे ज्याला माहीत नाही, तो बाहेर मोकळ्या असलेल्या मित्रांना आनंद करा म्हणून लिहितो! ज्या फिलिप्पै शहरातल्या लोकांना हे पत्र आहे, त्याच शहरात पूर्वी पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले होते, आणि मध्यरात्री ते दोघे गाणी गात होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे.

वाचता वाचता दुसऱ्या अध्यायात मी थांबले. एपफ्रदीत नावाचा पौलाचा सोबती मरता मरता वाचला. त्याविषयी पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. म्हणजे आनंदाचे हे पत्र लिहिणाऱ्या माणसालाही दुःख होतेच. आणखी एक दुःख सोसवेल की नाही याची धास्तीही होती. त्याने ते लपवले नाही. मी आजीला म्हटले, “हे तू मला आधी का नाही दाखवलंस?” ती म्हणाली, “तू इचारलंस कवा?”

खुद्द प्रभू येशू लाजराच्या कबरेजवळ रडला, हे तर आम्हाला बालपणापासून ठाऊक असते. काही क्षणांनी आपण त्याला उठवणार हे माहीत असतानाही तो रडला. मग आमच्यासारख्यांच्या रडण्याला अविश्वास कोण म्हणेल?

मित्रमैत्रिणींनो, इथे मी तुम्हाला उपदेश करायला बसलेली नाही. तेवढा अधिकारही मला नाही. पप्पा का गेले, याचे उत्तर मला मिळालेले नाही, आणि ‘देवाची इच्छा’ असे कुणी सांत्वनाला येऊन म्हटले की मला अजून राग येतो. आजीचा विश्वास खडीसारखा आहे, माझा वाळूसारखा. मुठीत धरते तोवर राहतो. पण एक गोष्ट मला कळली. आनंद म्हणजे दुःख संपल्यावर मिळणारे बक्षीस आहे अशा समजुतीने मी वाट पाहत होते. आमच्या घरातले दुःख काही संपले नाही. आई अजूनही साडेचारला उठते, पप्पांची जागा रिकामीच आहे. तरी त्याच घरात, त्याच दुःखाच्या शेजारी आनंद बसलेला असतो. आजीच्या गाण्यात, आईच्या सकाळच्या दोन मिनिटांच्या प्रार्थनेत. आपण एकट्या नाही, आपले रडणे ऐकणारा कुणीतरी स्वतः रडलेला आहे, या भरवशावर तो बसलेला असतो. म्हणून तर तो उठून जात नाही. पोट भरल्यावर होणारा आनंद दुसऱ्या दिवशी भूक लागली की जातो; हा आनंद मात्र सुकडीच्या दिवसांपासून आमच्या घरात आहे.

गेल्या नाताळच्या आधी मी कपाटावरून पेटी खाली काढली. खोळ काढली, धूळ पुसली. भात्यावरची चिकटपट्टी पप्पांनीच लावलेली. ती तशीच ठेवली. मला जेमतेम तीन चाली येतात, त्यातही एक पट्टी अडकली की ताल चुकतो. पहिली चाल वाजवायला घेतली ती त्या रात्रीच्या भजनाची.

आजी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. दोन ओळी मी एकटीनेच वाजवल्या. तिसऱ्या ओळीला आतून आवाज आला, बारीक, थकलेला. एक शब्द न चुकता. आई डबे भरता भरता थांबली. मी भाता ओढत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पट्ट्या दिसत नव्हत्या. त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच चुकले असेन.

आजी म्हणाली, “चुकू दे. थांबू नको.”

(तृतीय वर्ष, कला)