मीठ आणि मागची पंगत

आमटीत मीठ कमी पडलं की घरातली सगळी माणसं एका सुरात सांगतात. बरोबर पडलं तर कुणी चकार शब्द काढत नाही. आपल्या बायकांच्या कामाचं जे होतं, तेच मिठाचं! म्हणून आज मिठाबद्दल चार शब्द लिहायला बसले आहे, आणि त्या मिठापायी कितीतरी वर्षं खपलेल्या एका डॉक्टरांबद्दलही.

त्यांचं नाव डॉ. रामलिंगस्वामी. जन्म १९२१ चा, आंध्रातल्या श्रीकाकुळमचा. डॉक्टरकी शिकले विशाखापट्टणमला, पुढे ऑक्सफर्डला जाऊन संशोधनाची पदवी घेतली. रोगानं शरीरात नेमकं काय बिघडतं, हे शोधणारं शास्त्र हा त्यांचा विषय. असा माणूस प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. पण हे आपल्या सहकाऱ्यांना घेऊन थेट हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात गेले.

तिथं घरोघरी गलगंड. कारण काय, तर पावसानं आणि बर्फानं डोंगरातल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलेलं. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, भाजीत नाही, आणि म्हणून माणसाच्या पोटातही नाही. मग गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीनसाठी धडपडते आणि फुगत जाते. बरं, गळा सुजणं हे नुसतं वरवर दिसणारं. खरं नुकसान आत होतं. गरोदर बाईला आयोडीन फारच कमी पडलं, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ती मागाहून कितीही औषधं दिली तरी पुरी भरून निघत नाही.

१९५६ साली त्यांनी या खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, मधल्या भागात साधं. पाचसहा वर्षांनी शाळेतल्या मुलांचे गळे पुन्हा तपासले. आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड भराभर उतरला होता, साध्या मिठाच्या भागात होता तसाच! मग तिथल्या लोकांनाही तेच मीठ दिलं, आणि तिथलाही गलगंड कमी झाला. सुई नाही, गोळी नाही. जे मीठ गरिबाच्या भाकरीवर असतं आणि श्रीमंताच्या पक्वान्नातही, त्यातूनच औषध पोचवलं.

१९६२ मध्ये सरकारनं गलगंडाविरुद्ध देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. डॉक्टर पुढे १९६९ पासून दहा वर्षं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक होते, आणि १९७९ ते १९८६ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमुख. खाण्याचं सगळंच मीठ आयोडीनयुक्त करायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली ती १९८६ मध्ये. म्हणजे प्रयोगापासून आपल्या फडताळापर्यंत यायला मिठाला तीस वर्षं लागली!

आमच्या कोकणातल्या माहेरी खडेमीठ चिनीमातीच्या बरणीत असायचं. “समुद्र दाराशी, आपल्याला कसलं आलंय आयोडीन?” असं थोरली माणसं म्हणत. पण मिठागरात वाळवलेल्या मिठात आयोडीन अगदी नावापुरतंच उरतं, आणि गलगंड काही हिमालयापुरता नाही. महाराष्ट्रातल्या काही भागांतही तो आढळला आहे.

इथवर सगळं छान. पण याच डॉक्टरांनी १९९६ साली, पंचाहत्तरीला आलेले असताना, दोन सहकाऱ्यांबरोबर युनिसेफसाठी एक लेख लिहिला. त्यात कोडं घातलं होतं: आफ्रिकेतल्या कितीतरी देशांपेक्षा आपल्याकडे धान्य जास्त, डॉक्टर जास्त, तरी आपली मुलं जास्त कुपोषित का? त्यांनी दिलेलं उत्तर थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचतं. आपल्याकडे मूल जन्मतानाच वजनानं कमी असतं, कारण त्याची आई अर्धपोटी असते. आणि आई अर्धपोटी असते, कारण घरात तिची किंमत कमी असते.

हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं. माझी थोरली लेक १९७९ ची. जन्मली तेव्हा दोन किलोसुद्धा भरली नव्हती. “पहिलटकरीण आहे, मूल नाजूकच असायचं,” असं सगळ्यांनी म्हटलं आणि विषय संपला. घरात चौदा माणसं. आधी पुरुष, मग मुलं, मग आम्ही बायका. आमच्या पंगतीला डाळीचं वरचं पाणी आणि भाजीचं भांडं पुसून निघेल तेवढी भाजी. कुणी दुष्ट नव्हतं हो. सासूबाई तर माझ्याही नंतर जेवत. पण नऊ महिने “तू जेवलीस का?” असं त्या घरात मला कुणी विचारलं नाही. लेक पहिली दोन वर्षं सारखी आजारी असे. तिला खांद्यावर घेऊन घातलेल्या येरझाऱ्या मला अजून आठवतात.

आता धाकट्या सुनेला सातवा चालू आहे. शिकलेली, नोकरी करणारी. तिला कुणाचा धाक नाही. तरी रोज म्हणते, “आई, सगळ्यांचं होऊ दे, मग मी बसते.” हे तिला कुणी शिकवलं नाही, तरी कसं अंगात मुरलंय पाहा! मी आता वाद घालत नाही. आठ वाजले की पहिलं ताट तिचं. घट्ट वरण, उसळ, पालेभाजी आणि दही आधी तिच्या पानात. उरेल ते आम्हा बाकीच्यांना. पहिले चार दिवस मुलगा बघत राहिला. आता तोच तिचं पान घेतो.

जाता जाता मिठाच्याही दोन गोष्टी. पाकिटावर आयोडीनयुक्त असं लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवा. जमेल तिथे पदार्थ शिजत आला की घाला. आणि आयोडीन आहे म्हणून जास्त मीठ खाऊ नका, रक्तदाबाला ते वाईटच.

डॉ. रामलिंगस्वामी २००१ साली गेले. त्यांचं मीठ सरकारी हुकमानं आपल्या घरात आलं. पण घरात आधी कुणी जेवायचं, हे कुठलंही सरकार ठरवू शकत नाही. ते आपण ठरवायचं, आणि तेही आज संध्याकाळी पानं घेताना.